नाव उरते, माप हरवते: जयगडची तोफ आणि रोमनांची बाणयंत्रे

जयपूर शहरातून उत्तरेकडे आमेरच्या वाटेला लागले, की अरवलीच्या उघड्या डोंगररांगेवर एक लांबलचक तटबंदी दिसू लागते. हाच जयगड. ज्या टेकडीवर तो उभा आहे तिला तेथील लोक ‘चील का टीला’, म्हणजे घारींची टेकडी म्हणतात. सवाई जयसिंहाने बांधून पुरा केलेल्या या गडाच्या डुंगर दरवाज्यापाशी, एका छपराखाली, चार चाकांच्या गाड्यावर एक प्रचंड तोफ विसावलेली आहे. तिचे नाव ‘जयवाण’. इ. स. १७२० मध्ये ती याच गडावर ओतली गेली.

वाचकहो, आपण सहकुटुंब तेथे गेलात, तर तोफेभोवती नेहमीच एक घोळका दिसेल. मुले चाकांच्या आऱ्यांना हात लावून पाहतात, वडीलमंडळी नळीवर कोरलेले हत्ती, पक्षी आणि वेलबुट्टी न्याहाळतात. एवढ्यात कोणीतरी माहीतगार पुढे होतो आणि सांगू लागतो: या तोफेचे वजन ५० टन, बार भरायला १०० किलो दारू लागे, गोळा ५० किलोचा, परीक्षेसाठी ती एकदाच उडविली, तेव्हा गोळा ३५ किलोमीटर दूर चाकसूजवळ पडला आणि पडला तेथे तळे झाले!

ऐकणाऱ्यांच्या तोंडून ‘अबब’ निघतो. मग सारे पुढच्या बुरुजाकडे वळतात. त्या घोळक्यातील एखादा चुणचुणीत मुलगा मात्र वडिलांचा हात ओढून विचारील, “बाबा, हे खरे असेल का हो?” प्रस्तुत लेख त्या मुलाच्या प्रश्नासाठी आहे. जुन्या युद्धयंत्राविषयी सांगितलेली गोष्ट खरी की खोटी, हे आज कसे ठरवावयाचे? यंत्र मूक असते, ते चालविणारे हात कधीच मातीत गेलेले असतात. मग साक्ष कोणाची काढावी?

नावांची यादी

प्रथम आपल्याच घरात डोकावू. कौटिलीय अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात युद्धयंत्रांची मोठी यादी दिली आहे. जागच्या जागी राहणारी ती स्थिर यंत्रे: सर्वतोभद्र, जामदग्न्य, बहुमुख, विश्वासघाती इत्यादी. हलविता येणारी ती चल यंत्रे: पांचालिक, देवदंड, सूकरिका, शतघ्नी इत्यादी. जैन परंपरेत मगधाच्या अजातशत्रूने वैशालीविरुद्धच्या युद्धात मोठमोठे धोंडे फेकणारे ‘महाशिलाकंटक’ नावाचे साधन वापरल्याचा उल्लेख आहे.

नावे किती डौलदार आहेत! परंतु यांपैकी एखादे यंत्र आज एखाद्या सुताराकडून करवून घ्यावे असे म्हटले, तर आपण त्याला काय सांगणार? लाकूड किती लांब, दोर किती जाड, दगड किती वजनाचा? यादीत यांतले काहीच नाही. पुढच्या काळातील टीकाकारांनी अर्थ लावले, परंतु त्यांनीही ती यंत्रे डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. परिणामी शतघ्नी म्हणजे खिळ्यांचा ओंडका, असे कोणी म्हणतो. ती तोफच होती, असे दुसरा छातीठोकपणे सांगतो. माप नसले की नावात हवे ते भरता येते.

रोमन बाणयंत्र पुन्हा कसे उभे राहिले

आता ज्या देशात याच्या उलट घडले त्या देशाकडे पाहू. प्राचीन ग्रीक आणि त्यांच्यामागून रोमन लोक युद्धात एक प्रकारचे चौकटीतले धनुष्य वापरीत. त्याला बॅलिस्टा म्हणत. त्याच्या लहान, बाण फेकणाऱ्या प्रकाराला स्कॉर्पिओ, म्हणजे विंचू, असे नाव होते. साध्या धनुष्यात लाकूड वाकते आणि त्याच्या उसळीने बाण सुटतो. या यंत्रात वाकणारे लाकूडच नाही. एका मजबूत चौकटीत डावी-उजवीकडे जनावरांच्या स्नायूंच्या तातीचे किंवा केसांचे जाड जुडगे ताणून बसवीत. प्रत्येक जुडग्याच्या मधोमध एक दांडा खोवीत आणि वरखालची धातूची कडी फिरवून जुडग्याला पीळ देत. आपल्याकडे सुतार करवतीच्या चौकटीवरील दोरीत काडी अडकवून तिला पीळ देतो आणि पाते ताठ करतो, तोच हा प्रकार. फक्त बळ शतपटींनी अधिक. दोन्ही दांड्यांची टोके एका प्रत्यंचेने जोडलेली असत. ती प्रत्यंचा मागच्या रहाटाने खेचून खटक्यात अडकवायची, पुढच्या खोबणीत बाण ठेवायचा आणि खटका ओढायचा. दोन्ही पीळ एकदम सुटू पाहत आणि बाण सणसणत जाई.

रणांगणात याचा उपयोग कसा होई, त्याचे एक हृदयद्रावक चित्र ज्यूलियस सीझरने स्वतः नोंदविले आहे. इ. स. पूर्व ५२ मध्ये त्याने गॉल लोकांच्या आव्हारिकम नगराला वेढा दिला असता, वेशीपुढे उभा राहून एक गॉल योद्धा रोमनांच्या लाकडी बांधकामावर चरबी आणि डांबराचे गोळे टाकून आग भडकवीत होता. विंचवाच्या बाणाने तो पडला. त्याच्या देहावरून ओलांडून दुसरा पुढे आला, तोही पडला. मग तिसरा, मग चौथा. लढाई संपेपर्यंत ती जागा रिकामी राहिली नाही. शत्रूच्या शौर्यापुढे सीझरनेही मान तुकविली. परंतु आपल्या दृष्टीने त्या प्रसंगाची दुसरीही एक बाजू आहे. एकाच जागी, एकामागून एक, नेमका नेम धरणारे यंत्र त्या काळी होते, ही त्या योद्ध्यांच्या मृत्यूने दिलेली साक्ष आहे. पुढे वेजेटियस या ग्रंथकाराने तर एका लीजनमागे, म्हणजे रोमन पलटणीमागे, खेचरांनी ओढावयाच्या गाड्यांवरील अशी ५५ यंत्रे असल्याचे लिहिले आहे. रोममधील ट्रेजन सम्राटाच्या विजयस्तंभावर अशा गाड्या कोरलेल्या दिसतात.

रोमन साम्राज्य लयास गेले, लाकूड कुजले, तात किड्यांनी खाल्ली. तरीही ही यंत्रे आज पुन्हा उभी करता आली आहेत. कशाच्या आधारे? मापांच्या.

इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात फायलो नावाचा ग्रीक यंत्रज्ञ होऊन गेला. इजिप्तच्या ॲलेक्झांड्रिया नगरीत राजाश्रय लाभलेल्या कारागिरांनी पुष्कळ प्रयोग करून एक गोष्ट शोधून काढली, असे तो सांगतो. पिळाचे जुडगे ज्या भोकातून ओवतात, त्या भोकाचा व्यास हेच साऱ्या यंत्राचे मूळ माप होय. ते एकदा ठरले, की चौकट, दांडे, खोबण यांची मापे त्याच्या पटीत ठरतात. हा व्यास काढण्याची रीतही त्यांनी दिली: दगडाचे वजन ‘मिना’ या मापात घ्यावे, त्याला १०० ने गुणावे, आलेल्या संख्येचे घनमूळ काढावे आणि त्यात त्याचाच दहावा भाग मिळवावा. उत्तर बोटांत येते. हे बोट आपल्या अंगुलासारखेच, दोन सेंटिमीटरांहून किंचित कमी.

घरातील शाळकरी मुलांना हे गणित जरूर घालावे. दगड १० मिनांचा, म्हणजे सुमारे साडेचार किलोचा, धरा. १० गुणिले १०० म्हणजे १,०००. त्याचे घनमूळ १०. त्यात दहावा भाग १ मिळविला की ११. भोकाचा व्यास ११ बोटे! दगड आठपट जड झाला तर भोक दुप्पट मोठे करावे लागेल, हेही त्यावरूनच कळते. बावीसशे वर्षांपूर्वीचा कारागीर आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसावा आणि आपल्याशी बोलू लागावा, तशी ही गोष्ट आहे. पुढे रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रूव्हियस आणि ॲलेक्झांड्रियाचा हेरॉन यांनीही आपल्या ग्रंथांत अशी मापे नोंदवून ठेवली.

विसाव्या शतकाच्या आरंभी एर्विन श्राम नावाच्या जर्मन तोफखान्यातील अधिकाऱ्याने हे ग्रंथ पुढ्यात ठेवून अशी यंत्रे घडविली. ताती­ऐवजी त्याने घोड्याचे केस वापरले. जालबुर्ग येथील रोमन ठाण्यात त्यांच्या परीक्षा झाल्या आणि त्याच्या एका यंत्राचा बाण साडेतीनशे मीटरांहून दूर गेला. नंतर १९१२ साली स्पेनमधील आंपुरियास येथे उत्खननात खऱ्याखुऱ्या बाणयंत्राची लोखंडी चौकट आणि काशाची कडी हाती लागली. ग्रंथ एकीकडे, जमीन दुसरीकडे आणि मध्ये प्रयोग, अशा तीन साक्षी परस्परांशी ताडून पाहता आल्या. १९७२ साली इराकमधील हात्रा या प्राचीन नगरात आणखी एक चौकट सापडली. ती इतकी रुंद होती, की तिचे दांडे बाहेरच्या बाजूस न फिरता आतल्या बाजूस फिरत असावेत, असे काही विद्वान म्हणू लागले. वाद सुरू झाला. जुन्या समजुती पुन्हा तपासल्या गेल्या. हा वाद होऊ शकला, कारण वाद घालण्याजोगे काहीतरी मोजलेले हाती होते.

रूमपासून जयगडापर्यंत

हे पिळाचे यंत्र पुढे मागे पडले आणि दारूचे युग आले. आपल्या दक्षिणेशी रोमचे नाव येथे एका गमतीदार वाटेने येऊन मिळते. पूर्वेकडील रोमन साम्राज्याच्या भूमीला अरब आणि इराणी लोक ‘रूम’ म्हणत. ती भूमी तुर्कांच्या हाती गेल्यावरही ते नाव टिकले, आणि तेथून येणारा माणूस ‘रूमी’ म्हणून ओळखला जाऊ लागला. विजापूरच्या शेरझा बुरुजावरील ‘मलिक-ए-मैदान’ ही सुप्रसिद्ध तोफ निजामशाहीच्या अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, १५४९ साली ओतली गेली. ती ओतणाऱ्या उस्तादाच्या नावापुढे ‘रूमी’ हाच शब्द आहे.

मोठी तोफ ओतणे हे किती जिवावरचे काम असे, ते बाबराच्या आत्मचरित्रातून कळते. १५२६ साली आग्र्यास उस्ताद अली कुली याने एक मोठी तोफ ओतावयास घेतली. साच्याभोवती आठ भट्ट्या रचल्या होत्या. भट्ट्यांचे तोंड उघडताच वितळलेला धातू पाटाच्या पाण्यासारखा साच्यात धावू लागला. पण साचा भरण्यापूर्वीच ओघ आटला. उस्तादाला अशी काही शरम वाटली, की त्या तप्त रसात उडी घेऊन जीव द्यावा असे त्याला झाले. बाबराने त्याची समजूत घातली. साचा थंड झाल्यावर पाहिले तो नळी उत्तम उतरलेली! दारूचा कोठा मागाहून वेगळा ओतून जोडण्यात आला. पुढच्या वर्षी ती उडवून पाहिली तेव्हा दगडी गोळा १,६०० पावलांवर पडला, असे बाबर लिहितो. बादशहाने आपल्या तोफेचा पल्ला फुगवून सांगितला नाही. पावले मोजविली आणि आकडा लिहिला. त्यामुळेच पाचशे वर्षांनंतर आपण त्याच्यावर विश्वास ठेवतो.

जयगडाचे मोठेपण येथे लक्षात येते. इतरत्र तोफा राहिल्या आणि कारखाने नाहीसे झाले. जयगडावर मात्र तोफा ओतण्याचा कारखानाही शिल्लक आहे. कछवाह घराण्यातील मानसिंह अकबराच्या वतीने काबूलवर असता त्याने तोफा ओतण्याची विद्या तिकडून आणली, अशी परंपरागत समजूत आहे. आपण गडावर जाल तेव्हा भट्टीची जागा पाहावी, डोंगरावरील वारा भट्टीत खेचून घेण्याची योजना समजून घ्यावी, आणि मग नळीला भोक पाडण्याचे यंत्र अवश्य पाहावे. ओतलेल्या नळीच्या पोटात धारदार पाती फिरवून ती आतून एकसारखी कोरावी लागे. ही फिरकी बैलांच्या बळावर चाले. अबुल फझलने अकबराच्या काळातील एका चाकाचे वर्णन केले आहे. ते बैलाच्या शक्तीने फिरे आणि त्याने एका वेळी सोळा बंदुकांच्या नळ्या आतून साफ होत. जयगडचे यंत्र त्याच कुळातले.

नळी आतून गुळगुळीत आणि सरळ असण्याचे महत्त्व मोठे आहे. गोळा आणि नळी यांच्यामध्ये फट राहिली, की दारूचा धूर त्या फटीतून निसटतो आणि गोळ्याला मिळावयाचा धक्का वाया जातो. ज्या कारागिरांनी ही कोरणी बसविली, त्यांना हे पुरते ठाऊक होते. त्यांची नावे कोणी कोरून ठेवली नाहीत. परंतु त्यांचे यंत्र उभे आहे, आणि यंत्र म्हणजे एक प्रकारचा ग्रंथच होय.

आता आपणच मोजू

तर मग त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. जयवाण तोफेची जी मापे सर्वत्र दिली जातात, ती अशी: नळीची लांबी २०.१९ फूट, तोंडाशी परीघ ७.२ फूट, मागच्या बाजूस परीघ ९.२ फूट; भोकाचा व्यास ११ इंच; तोंडाशी धातूची जाडी साडेआठ इंच. हे आकडे खरे आहेत का, ते एकमेकांनाच विचारू. ७.२ फूट म्हणजे ८६.४ इंच. त्याला ३.१४ ने भागले की बाहेरचा व्यास साडेसत्तावीस इंच येतो. त्यातून भोकाचे ११ इंच वजा करा, उरले साडेसोळा. त्याचे अर्धे सव्वाआठ. सांगितलेली जाडी साडेआठ! पाव इंचाचाच काय तो फरक. कोणीतरी खरोखर फीत लावून हे मोजले आहे, अशी खात्री पटते.

आता वजन. याच मापांवरून नळीचे घनफळ काढले, तर भोक वजा जाता ते पावणेतीन घनमीटरांच्या आत येते. धातू लोखंड असो की कांसे, एका घनमीटराचे वजन सात ते पावणेनऊ टनांच्या दरम्यान असते. म्हणजे नळी १९ ते २४ टनांची झाली. ती पार भरीव धरली, तरी २७ टनांच्या पुढे आकडा जात नाही. ५० टन ही संख्या नळीची असूच शकत नाही. प्रचंड गाडा, चाके आणि सारा सरंजाम धरून ती सांगितली जात असेल, तर तसे स्पष्ट म्हटले पाहिजे.

मग गोळा. ११ इंचांच्या भोकात जेमतेम मावेल असा भरीव लोखंडी गोळा ७५ किलोच्या आसपास भरतो. ५० किलोचा लोखंडी गोळा जेमतेम साडेनऊ इंच व्यासाचा होईल; तो नळीत खुळखुळेल आणि निम्मा धूर बाजूने निघून जाईल. एवढ्या कष्टाने नळी कोरणारे कारागीर असा गोळा घालणार नाहीत.

राहता राहिला ३५ किलोमीटरांचा पल्ला. हवेचा अडथळा मुळीच नाही असे मानले, तरी एवढ्या दूर जाण्यासाठी गोळा नळीतून सेकंदाला ५८५ मीटरांहून अधिक वेगाने सुटला पाहिजे. काळ्या दारूच्या चांगल्या तोफांचा वेग साधारणतः ४०० ते ५०० मीटर असे. त्यातून हवा तर आहेच, आणि आवाजापेक्षा वेगाने जाणाऱ्या वाटोळ्या गोळ्याला ती फारच जोराने अडविते. अमेरिकेच्या यादवी युद्धात, म्हणजे जयवाणनंतर सुमारे एकशे चाळीस वर्षांनी, वापरलेल्या १३ इंची उखळी तोफेचा पल्ला चार किलोमीटरांच्या आसपास होता. जयवाणचा गोळा काही किलोमीटर गेला असेल, तर तीही त्या काळी मोठीच गोष्ट झाली. चाकसूचे तळे मात्र दुसऱ्या कोणीतरी खणले असले पाहिजे.

पाहिलेत, वाचकहो? जे आकडे फितीने मोजले होते, ते एकमेकांना साक्ष देत उभे राहिले. जे ऐकीव होते, ते पहिल्याच प्रश्नाला गडबडले.

मोठी तोफ युद्धात काय करी?

यावर कोणी म्हणेल, एवढी चिकित्सा करून आपण आपल्याच पूर्वजांचा गौरव कमी करीत नाही काय? याचे उत्तर महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. सवाई जयसिंहाचे खापरपणजोबा मिर्झाराजे जयसिंह १६६५ साली पुरंदरावर चालून आले. शेजारचा वज्रगड घेतल्याखेरीज पुरंदर हाती येत नाही हे ओळखून त्यांनी त्याच्यासमोरच्या चढावर अवजड तोफा चढविल्या. त्यांची नावे अब्दुल्लाखान, फत्तेलष्कर आणि हाहेली. एकेक तोफ वर नेण्यास तीन-तीन, साडेतीन दिवस लागले. एप्रिलच्या मध्यास वज्रगड पडला आणि जूनमध्ये पुरंदरचा तह झाला.

या प्रसंगात गोळा किती कोस गेला, याला महत्त्व नव्हते. तोफ जवळ नेता आली, योग्य जागी बसविता आली, एकाच बुरुजावर पुन्हा पुन्हा मारा करता आला, हे निर्णायक ठरले. आव्हारिकमच्या वेशीसमोरील रोमन विंचवानेही तेच केले होते. युद्धयंत्राची खरी किंमत पल्ल्यात थोडी आणि नेमात, वाहतुकीत व सातत्यात फार असते. जयवाण युद्धात कधीच उडाली नाही. तिच्यासारखे धूड डोंगर उतरवून परमुलखात न्यावयाचे म्हणजे काय, याची कल्पना वज्रगडाच्या चढावरील त्या दिवसांवरून यावी. ती गडाची राखणदार होती. तिचा धाक हेच तिचे कार्य.

मग गौरव कशाचा करावयाचा? वीस फूट लांबीची नळी एका डोंगरमाथ्यावर ओतली, ती आतून कोरली, तोंडापासून शेवटापर्यंत तिची जाडी बेताने वाढवीत नेली, कारण दारूचा जोर मागे अधिक असतो; आणि तीनशे वर्षांनंतरही ती तडा न जाता उभी आहे. हा गौरव फितीने मोजून सिद्ध होतो. त्याला ३५ किलोमीटरांच्या टेकूची गरज नाही. उलट, खोटा टेकू सापडला की ऐकणारा खऱ्या कर्तृत्वावरही अविश्वास दाखवू लागतो, हाच त्यातला मोठा तोटा.

मोजणारा राजा

विशेष असे, की जयवाण ओतविणारा राजा स्वतः मापाचा मोठा भक्त होता. १७२७ साली त्याने जयपूर वसविले ते आखीव-रेखीव चौकांचे. ग्रहताऱ्यांच्या कोष्टकांत चुका आढळल्या, तेव्हा पितळेची लहान यंत्रे झिजतात आणि हलतात म्हणून त्याने दगडचुन्याची अचल यंत्रे बांधविली. जयपूरच्या जंतरमंतरातील सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. त्याची सावली आपल्या डोळ्यांदेखत सेकंदाला जवळजवळ एक मिलिमीटर सरकते. ॲलेक्झांड्रियाच्याच टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ जयसिंहाने जगन्नाथ सम्राट या पंडिताकडून अरबीतून संस्कृतात आणविला.

काळाच्या ओघात ही वेधशाळाही मोडकळीस आली. १९०१-०२ साली गॅरेट नावाचा इंग्रज अधिकारी आणि तरुण पंडित चंद्रधर शर्मा गुलेरी यांनी तिचा जीर्णोद्धार केला. हेच गुलेरी पुढे ‘उसने कहा था’ या हिंदी कथेने अमर झाले. त्यांना हे काम करता आले, कारण प्रत्येक यंत्रामागील भूमिती ठाऊक होती. भिंत ढासळली होती, पण कोन कोणता हवा ते आकाश सांगत होते. २०१० साली ही वेधशाळा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आली. कौटिल्याचे सर्वतोभद्र हरपले आणि जयसिंहाचे सम्राट यंत्र पुन्हा उभे राहिले. दोहोंत फरक एवढाच, की एकाचे माप मागे राहिले होते.

आपल्या घरातील यंत्रे

हा प्रश्न केवळ तोफांचा आणि राजांचा नाही. आपल्यापैकी अनेकांच्या गावी विहिरीवर मोट चालत असे. बैलांची जोडी धावेवरून खाली जाई, नाडा ताणला जाई आणि पाण्याने भरलेली मोट वर येई. जयगडावर तोफेची नळी कोरणारे बळ हेच. आज किती घरांत ठाऊक आहे, की नाडा किती हात असे आणि सोंदूर किती? विहिरीच्या खोलीवरून धावेची लांबी कशी ठरवीत? मोटेत पाणी किती मावे? तेलाचा लाकडी घाणा, उसाचा चरक, भाताचे उखळ यांची नावे मुलांना पाठ्यपुस्तकात भेटतात. त्यांची मापे मात्र घरच्या वृद्धांच्या हातांत आहेत आणि ते हात थकत चालले आहेत.

तेव्हा एक विनंती. पुढच्या सुटीत गावी जाल तेव्हा पडवीच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेले एखादे जुने अवजार बाहेर काढा. आजोबांना शेजारी बसवा, मुलाच्या हाती फीत द्या आणि वहीत लिहून घ्या: लांबी किती, जाडी किती, लाकूड कोणते, कोणता भाग आधी झिजे, आणि तो कोण दुरुस्त करी. शेजारी एक साधी आकृती काढा आणि खाली तारीख घाला. फायलोने बावीसशे वर्षांपूर्वी याहून फार वेगळे काही केले नव्हते.

आणि जयगडावर गेलात, तर मुलांना जयवाण तोफ दाखवून झाल्यावर तेथून घाईने निघू नका. खाली कारखान्यात या. भट्टीपाशी थोडे थांबा, बैलांच्या फेऱ्यांची जागा पाहा, आणि “हे खरे असेल का?” असे मुलाने विचारले, तर त्याला लागलीच उत्तर देऊ नका. त्याच्या हाती फीत द्या.